पाहुण्याला विचारायचं राहिलं

सन दोन हजार तीन. जून महिना लागला होता आणि घानाची राजधानी अक्रा पाहुण्यांनी भरून गेली होती. लायबेरियात वर्षानुवर्षं धुमसणारं युद्ध थांबावं म्हणून शांततेची बोलणी अक्राला ठरली होती. चार देशांचे पुढारी येणार होते आणि खुद्द लायबेरियाचा राष्ट्राध्यक्षही. हॉटेलांत खोल्या मिळेनात, बाजारात मासळी मिळेना.

अराबा क्वान्साच्या अंगात त्या आठवड्यात नुसता उत्साह संचारला होता. सरकारी समारंभांना जेवण पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीत ती वाढप्यांची मुकादम होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात होता. कानेशी भागातल्या एका सामाईक अंगणाच्या घरात तिच्या दोन खोल्या आणि एक पडवी होती. पाहुणचारात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "माझ्या हातचं पाणी प्यालेला माणूस रागावून गेलाय, असं दाखवा एक तरी," असं ती अंगणातल्या बायकांना ऐकवायची, आणि बायका म्हणायच्या, "रागावेल कसा? तू त्याला बोलू तर दिलं पाहिजेस!"

त्या दिवसांत तिच्याकडे दोन माणसं होती. एक तिचे मामा, क्वामेना, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी किनाऱ्यावरच्या गावाहून आलेले. डोळ्यावर पट्टी बांधून दिवसभर आंब्याखाली बसत आणि रेडिओ ऐकत. दुसरी कादियातू. सिएरा लिओनची ही मुलगी चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईची चिठ्ठी घेऊन आली होती. मागच्या खोलीत राहायची, पडवीत शिवणयंत्र टाकून शाळेचे गणवेश शिवायची. अबोल, कामाची, मान खाली घालून वावरणारी. अराबाचा तिच्यावर जीव होता. "पोटची नाही, पण पोटच्याहून गुणी," असं ती सगळ्यांना सांगायची.

बुधवारी बोलण्यांचं उद्घाटन झालं. अराबानं आदल्या दिवशीच आपला निळा पोशाख इस्त्री करून ठेवला होता. लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष विश्रांतीच्या दालनात आला तेव्हा तबक घेऊन तीच पुढे झाली. पांढरे कपडे, हातात काठी, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. तिनं गुडघे किंचित वाकवून पेला दिला, म्हणाली, "स्वागत असो, साहेब. वाटेत काही त्रास?" तो म्हणाला, "छे, काही वाईट नाही." आणि पाणी प्यायला. एवढंच. पण अराबाला वाटलं, आपल्या हयातीतलं हे सगळ्यात मोठं पाणी.

तासाभरात स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली. सिएरा लिओनमधल्या खास न्यायालयानं या राष्ट्राध्यक्षावर आरोपपत्र जाहीर केलं होतं. लायबेरियाच्या शेजारच्या त्या देशातल्या कत्तलींना शस्त्रं आणि बळ पुरवल्याचा आरोप होता, आणि अटकेचं वॉरंट घानाकडे धाडलं होतं. खुर्चीवर बसलेल्या राष्ट्रप्रमुखाला पकडा, असा हुकूम!

"आता काय होणार?" एका वाढप्यानं विचारलं.

"व्हायचंय काय? पाहुण्याला पकडून देतात होय कुणी?" अराबानं त्याला झापलं. "वेडंवाकडं बोलू नकोस. त्या काकड्या चिरून झाल्या का?"

दुपारी ताफा विमानतळाकडे निघाला. वॉरंटचा कागद रीतसर हाती आला नव्हता, असं नंतर सांगण्यात आलं. राष्ट्राध्यक्ष विमानात बसून आपल्या देशी गेला. बातमी स्वयंपाकघरात पोचली तेव्हा टाळ्या वाजल्या. पहिली टाळी अराबाची होती.

ती घरी आली तेव्हा अंगणात बायका वाटच बघत होत्या. शेजारीण देदे म्हणजे चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिनं अराबाला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उपड्या बादलीवर बसली.

"बोल गं बाई, सगळं सांग. बोटं लागली का त्याची तुझ्या बोटांना?"

"लागली की! हे बघ, हे बोट."

"धुऊ नकोस आता ते!" बायका खिदळल्या.

"आणि मग पोलीस आले?"

"कसले पोलीस! आपल्या माणसांनी असा अलगद नेऊन सोडला त्याला विमानात, की उशीवरचं बाळसुद्धा जागं होऊ नये. आपल्या घरी आलेला पाहुणा बेड्या घालून गेला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली असती का?"

"अगदी खरं," देदे म्हणाली. "येत्या रविवारी चर्चमध्ये तुझा सत्कार करायचा. मंडळातर्फे कापड देऊ. नाही म्हणायचं नाही."

पडवीतलं शिवणयंत्र थांबलं होतं. ते कधी थांबलं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कादियातू दारात उभी होती.

"आंटी," ती म्हणाली, "तुम्ही त्याला काय विचारलंत?"

"काय विचारणार? वाटेत त्रास झाला का म्हटलं. तो म्हणाला, काही वाईट नाही."

कादियातूनं मान हलवली. खांद्यावरची मापाची फीत काढून गुंडाळली, यंत्रावर झाकण घातलं आणि खोलीत गेली. त्या दिवशी ती जेवायला आली नाही. अराबानं दाराबाहेर भात आणि भेंडीची आमटी झाकून ठेवली. सकाळी ताट तसंच होतं.

गुरुवारी सकाळी अराबा खोलीत डोकावली तर कादियातू गाठोडं बांधत होती. अर्धवट शिवलेले गणवेश खाटेवर नीट घड्या घालून ठेवले होते, प्रत्येकाला नाव टाचलेलं.

"हे काय गं?"

"मी सोमवारी जाते, आंटी. सीमेपलीकडं लोमे शहरात ओळख आहे. तिथून पुढं बघीन."

"कुणी काही बोललं का तुला? देदे बोलली असेल. तिच्या जिभेला हाड नाही."

"नाही. सगळ्यांनी चांगलंच वागवलं."

"मग?" अराबाचा आवाज चढला. "चार वर्षं एका ताटात जेवलो आपण. ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? आणि एका परक्या माणसाला पाणी दिलं म्हणून तू माझं घर सोडून चाललीस? काय बिघडवलं त्यानं तुझं?"

कादियातूनं वर पाहिलं. मग ती पुन्हा गाठ मारायला लागली.

अराबा रडत, चिडत अंगणात आली. मामांनी रेडिओ बंद केला. पट्टी आणि दुसऱ्या अधू डोळ्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं, पण कान तिखट होते.

"बस इथं," ते म्हणाले. "आणि नाक पूस."

"मामा, तुम्हीच सांगा तिला. मी काय चूक केलं? तो शांततेच्या बोलण्यांसाठी आला होता. त्याला पकडला असता तर बोलणी तिथंच मोडली असती. त्याच्या देशात आपली माणसं आहेत, त्यांच्यावर सूड निघाला असता. आणि दुसऱ्या देशाचा का होईना, राष्ट्राध्यक्ष आहे तो! खुर्चीवरून उतरल्यावर करा म्हणावं काय करायचं ते."

गावच्या प्रमुखाचा शब्द चारचौघांत बोलून दाखवायचं काम मामांनी उभा जन्म केलं होतं. प्रमुख थेट कुणाशी बोलत नसतो. तो पुटपुटतो आणि मामा मोठ्यानं सांगतात. त्यामुळे मामांना शब्द तोलायची सवय होती.

"तुझी भीती खोटी नाही," ते म्हणाले. "बोलणी मोडली असती, हे खरं असेल. मला माहीत नाही, तुलाही नाही. पण खुर्चीवरून उतरल्यावर विचारा, हे तू कुठं शिकलीस? आमच्याकडचा आधीचा प्रमुख तुला आठवतो?"

"तो जाड? लग्नाला आला होता माझ्या."

"तोच. त्यानं मयत पुरायची जमीनसुद्धा विकली. माझ्या आईशेजारची जागा विकली. आम्ही काय म्हणालो? आसनावर आहे तोवर गप्प बसू, मेल्यावर त्याच्या शवपेटीला जाब विचारू? आसनावर आहे म्हणून तर विचारायचं! खाली उतरलेल्याला विचारून काय मिळणार, तो नुसता एक जाड म्हातारा. ज्येष्ठांनी त्याला बोलावलं, आरोप वाचले, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. मग त्याच्या पायातल्या वहाणा मी काढल्या. माझ्या हातांनी. प्रमुखाचे अनवाणी तळवे मातीला लागू द्यायचे नसतात. त्याचे लागले आणि तो तुझ्यामाझ्यासारखा झाला."

"तुम्ही काढल्यात? तुम्ही तर त्याच्या घरचं मीठ खाल्लेलं!"

"म्हणून हात कापत होते. पण मीठ मी त्याचं खाल्लं होतं, जमीन गावाची होती."

"तो तुमचा प्रमुख होता, मामा. हा पाहुणा होता. पाहुण्याची रीत वेगळी असते."

"रीत!" मामा खुर्चीत पुढे सरकले. "पाहुण्याची रीत तुला कुणी शिकवली? मीच ना? सांग पाहू, पहिल्यापासून."

अराबाला हे लहानपणीच्या परीक्षेसारखं वाटलं. ती गुरकावली, पण सांगू लागली. "पाहुणा आला की बसायला द्यायचं. मग पाणी द्यायचं. मग म्हणायचं, इकडे सगळं शांत आहे, वाटेवर तुम्ही होता, काय आणलंत ते सांगा. तो म्हणतो, वाईट काही आणलेलं नाही."

"का म्हणतो?"

"तशीच पद्धत आहे. मयताची खबर घेऊन आलेला माणूससुद्धा आधी हेच म्हणतो. घरातल्यांना एकदम धक्का बसू नये म्हणून."

"मग?"

"मग..." अराबा थांबली.

"मग काय, अराबा?"

"मग पुन्हा विचारायचं. ते झालं, आता खरं काय ते सांगा म्हणून."

"आणि तो सांगतो तेव्हाच पाहुणचार पुरा होतो. पाणी दिलं आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही, तर नुसती तहान भागवली. मग काल तू कितीदा विचारलंस?"

अराबा पायाशी पडलेलं आंब्याचं पान चुरगाळू लागली.

"तू नोकर होतीस तिथं, तुझ्या विचारण्यानं काय होणार होतं, ते मी जाणतो. पण विचारू शकणारे होते ना चार तिथं? विचारायला सांगणारा कागदही आला होता. त्यांनी पाहुणचार पुरा केला नाही, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात!" मामांनी पट्टीवर हात ठेवला. आवाज एकदम खाली आला. "आणि ते सोड. ही पोर तुझ्या दारात आली होती, तेव्हा हिला किती वेळा विचारलंस?"

अराबाला तो दिवस लख्ख आठवला. हातात चिठ्ठी, ओठ फुटलेले. तिनं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, विचारलं. त्या मुलीला कुणीतरी इथली पद्धत पढवून पाठवलं होतं. ती म्हणाली होती, "वाईट काही नाही." आणि अराबानं सुटकेचा श्वास सोडला होता! हो, सुटकेचा. कुणी सांगावं काय ऐकावं लागलं असतं. मुलगी कामाची दिसतेय, भाडं शिवणकामातून फिटेल, बस झालं. पुढची चार वर्षं तिनं मायेनं जेवू घातलं, औषधं दिली, सणाला कापड घेतलं. दुसरा प्रश्न तेवढा विचारला नाही.

ती उठली. खोलीत जाऊन कादियातूच्या गाठोड्याशेजारी जमिनीवर बसली.

"कादी," ती म्हणाली, "तू माझ्या दारात आलीस, तेव्हा काय घेऊन आली होतीस?"

कादियातू तिच्याकडे बघतच राहिली. "आता विचारता, आंटी?"

"आता विचारते. तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण मी विचारते."

कादियातू खाटेच्या कडेला बसली. मग तिनं सांगितलं, एकाच सुरात, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत. सिएरा लिओनमधल्या कोईडू गावात तिचं शिवणकामाचं दुकान होतं. नवरा सोरी शाळेत मास्तर. बंडखोर आले तेव्हा ती मागच्या परसात होती, तिथल्या खड्ड्यात दडली. त्यांनी दुकान लुटलं. शिवणयंत्र सोरीच्या डोक्यावर दिलं, दोऱ्यांची पेटी सात वर्षांच्या इसातूच्या हातात. "माझंच सामान वाहत गेले दोघं. इसातू मागं वळून बघत होती. मी हाक मारली नाही. मारली असती तर मलाही नेलं असतं. मी हाक मारली नाही, आंटी." सोरीचं प्रेत पुढं नदीकाठी सापडलं. इसातूचं काही कळलं नाही. त्या मुलांच्या हातात कोऱ्या करकरीत बंदुका होत्या. एक जण फुशारकीनं म्हणत होता, सीमेपलीकडच्या साहेबांनी पाठवल्यात.

"एप्रिलमध्ये कोर्टाचा माणूस मला शोधत आला होता," ती म्हणाली. "जबानी द्या म्हणाला. मी म्हटलं, तो खुर्चीवर आहे तोवर नाही. माझा भाऊ अजून तिकडेच राहतो, त्याचं घर जाळतील. ज्या दिवशी त्याला पकडाल त्या दिवशी बोलेन. काल रेडिओवर वॉरंट ऐकलं आणि मी यंत्र थांबवून बसले. वाटलं, आज. आजच. तुमच्या देशात, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर! आणि तुम्ही हसत आलात." तिनं गाठोडं जवळ ओढलं. "जो इथून असा जाऊ शकतो, त्याच्याविरुद्ध मी कुठं बोलू? जाऊ द्या मला."

अराबाला आपल्या हातांचीच शिसारी आली. माफी मागावी तर कुठल्या तोंडानं? कादियातूनं गाठोड्याची गाठ घट्ट केली.

रविवारी चर्च भरलं होतं. देदेनं मंडळाच्या बायकांना एकसारखी पांढरी वस्त्रं घालून पुढच्या रांगेत बसवलं होतं. प्रार्थना झाल्यावर तिनं अराबाला पुढं बोलावलं. कापडाची घडी तबकात होती. "आपल्या मंडळाच्या भगिनीनं एका राष्ट्रप्रमुखाची सेवा करून घानाची शान राखली..." टाळ्या झाल्या. अराबानं कापडाला हात लावला नाही.

"बायांनो," ती म्हणाली, "हे मी घेऊ शकत नाही. मी त्याला पाणी दिलं, त्याची लाज नाही. पाणी शत्रूलाही द्यावं. पण त्याच्यावर माणसं मारवल्याचा आरोप होता. त्याला कोर्टापुढं उभा करायचा हुकूम आला होता. कोर्टानं त्याला सोडलंही असतं, मला काय माहीत? पण विचारलं तर असतं! आपण विचारूसुद्धा दिलं नाही. तो सुटला तेव्हा पहिली टाळी मी वाजवली. ज्यांची लेकरं गेली त्यातली एक बाई चार वर्षं माझ्या घरात राहते, माझ्या ताटात जेवते. तिलाही मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं मी मोठी पाहुणचाराची बाई. मी भित्री बाई आहे. खरं ऐकायला लागू नये म्हणून पाणी पाजत होते!"

चर्चमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या बाकावर एक म्हातारी हुंदके देऊ लागली. देदेचा चेहरा उतरला. बाहेर पडताना ती अराबाच्या कानाशी लागून म्हणाली, "सगळ्या मंडळाची हौस घालवलीस. आता त्या कापडाचं मी काय करू?" अराबा म्हणाली, "पडदा शिव."

फाटकाबाहेर कादियातू उभी होती. ती नमाज पढणारी, चर्चच्या आत कधी यायची नाही. पण कर्ण्यावरून तिनं सगळं ऐकलं होतं. दोघी मासळी बाजारावरून चालत घरी आल्या. अंगणात पोचल्यावर कादियातू म्हणाली, "आंटी, त्या कोर्टाच्या माणसाचा फोन नंबर माझ्याकडे आहे. मी बोलायला गेले तर तुम्ही शेजारी बसाल?"

"बसेन."

"तुम्हाला ते पुन्हा ऐकावं लागेल. आणि मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही."

"ऐकेन," अराबा म्हणाली.

सोमवारी कादियातू लोमेला गेली नाही.

पुढं त्या राष्ट्राध्यक्षाला ऑगस्टमध्ये पद सोडावं लागलं. दुसऱ्या एका देशानं त्याला आसरा दिला, तिथं तो पुन्हा पाहुणा झाला. तीन वर्षांनी मात्र तो पकडला गेला, आणि दोन हजार बारा साली त्याला दोषी ठरवून पन्नास वर्षांची शिक्षा झाली. मामांना ते ऐकायला मिळालं नाही. त्यांचा डोळा छान बरा झाला होता, दोन वर्षं त्यांनी समुद्र स्वच्छ पाहिला आणि मग गेले. देदेनं बरेच दिवस अबोला धरला. पण पुढं महिला मंडळानं सिएरा लिओनमधून आलेल्या बायकांसाठी शिवणवर्ग काढला, तेव्हा जागा तिनंच दिली. कादियातूनं दोन दिवस बसून जबानी दिली. साक्षीदार पुष्कळ होते, प्रत्यक्ष कोर्टात तिचा पुकारा झाला नाही. दोन हजार सात साली ती कोईडूला भावाकडे परत गेली. इसातूचा पत्ता आजवर लागलेला नाही.

निकालाच्या दिवशी कादियातूनं अराबाला फोन केला होता. अराबाला वाटलं, ती आनंदानं रडेल. ती म्हणाली, "कढईत मासे होते, आंटी. शेजारणीनं येऊन निकाल सांगितला. मी मासे उलटले, मग खाली बसले."

आता अराबा थकली आहे. वाचकहो, आपणही मोठ्या माणसांपुढं असेच वाकतो, त्यांच्या हसण्यानं सुखावतो, आणि खुर्चीचा मान राखला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतो. खुर्चीचा मान जरूर राखावा. पण ज्याला खुर्चीवर असताना कुणी जाब विचारत नाही, त्याच्या राज्यात माणसाला किंमत राहत नाही. आणि तो जाब विचारण्याची जबाबदारी कुण्या कोर्टाची एकट्याची नसते, टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक हाताची असते. अराबाला कुणी विचारलं की इतक्या वर्षांनी तरी तुमची लाज ओसरली का, तर ती मान हलवते. "नाही," ती म्हणते. "आणि ओसरू नये अशीच माझी इच्छा आहे."